ऐकू न येणाऱ्या मुलाला 'ढ' कोण ठरवते?

तिरुवैयारु हे तंजावरपासून साधारण १३ किलोमीटरवरचे कावेरीकाठचे गाव. दर वर्षी पौष वद्य पंचमीला इथे त्यागराजांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात आणि देशभरातले रसिक त्या ऐकायला येतात. कर्नाटक संगीतात या गावाला तीर्थक्षेत्राचा मान आहे. ते समाधिमंदिर १९२० च्या दशकात बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी परंपरेतल्या गायिकेने स्वतःच्या कमाईतून बांधले. तरीही तिथल्या आराधनेत बायकांना गायला मज्जाव होता आणि तो मोडायला १९४० च्या आसपासचा काळ यावा लागला. कोणी गायचे, कोणी ऐकायचे आणि कोणी कुठे बसून ऐकायचे, हे आपल्या देशात केवळ गळ्यावर आणि कानावर कधीच ठरलेले नाही.

माझे संशोधन जात आणि आरोग्यसेवा या विषयावर आहे. त्या निमित्ताने मी तंजावर परिसरात काही आठवडे राहिले. तिथली गावे दोन तुकड्यांत वसलेली असतात. सवर्ण आणि शेतमालक जाती राहतात ते 'ऊर' आणि दलित शेतमजूर राहतात ती 'चेरी'. आपल्याकडचे गाव आणि गावकुसाबाहेरचा वाडा, तसेच. एका चेरीतल्या अंगणवाडीत मी सोबतच्या तमिळ मैत्रिणीच्या मदतीने सेविकेला विचारले, की इथल्या मुलांचे कान कधी तपासले जातात. ती म्हणाली, डॉक्टरांची गाडी येते. वजन-उंची घेतात, डोळे बघतात, दात बघतात, कानात टॉर्च मारतात. "मुलाला ऐकू येते का, हे कशाने बघतात?" या प्रश्नावर ती जरा थांबली. मग म्हणाली, "आईला विचारतात."

हे उत्तर मी नंतर महाराष्ट्रातल्या वस्त्यांमध्येही ऐकले. कानात मळ आहे का, कान वाहतो का, हे टॉर्चने दिसते. मुलाला किती ऐकू येते, हे टॉर्चने दिसत नाही. आणि आईला तरी ते कसे कळावे? मूल भांडे पडल्यावर दचकते, म्हणजे त्याला ऐकू येते असे तिला वाटते. पण भांड्याचा आवाज ऐकू येणे वेगळे आणि शब्दातला 'स', 'फ', 'त' वेगवेगळा कळणे वेगळे. अर्धवट ऐकणारे मूल आवाजाला वळते, हाक मारली तर कधी येते, कधी येत नाही. घरचे म्हणतात, लक्ष नाही त्याचे. शाळा म्हणते, ढ आहे.

या 'ढ' शब्दापाशी आपण थांबले पाहिजे. हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकजण आपल्या घरातले पहिले पदवीधर असतील. वर्गात आपल्यासोबत बसलेली, आपल्याच वस्तीतली, चौथी-पाचवीनंतर शाळेतून गळालेली मुले आठवून पाहा. आमच्या वस्तीत एक मुलगा होता, त्याचा कान बारा महिने वाहायचा. कापसाचा बोळा घालून तो शाळेत यायचा. वास येतो म्हणून त्याला शेवटच्या रांगेत बसवले होते. गुरुजींनी विचारलेल्या प्रश्नाचे तो भलतेच उत्तर द्यायचा आणि सगळा वर्ग हसायचा. सहावीत त्याने शाळा सोडली. त्याच्या कानाच्या पडद्याला भोक पडले असावे, त्यावर उपचार असतात, हे वस्तीत कोणाला माहीत नव्हते. शाळेत ज्यांना माहीत असायला हवे होते, त्यांना त्या मुलाच्या गप्प राहण्यात काही वेगळे वाटले नाही.

माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. एखाद्या सुशिक्षित सवर्ण घरातले मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, तर घरात काळजी सुरू होते. मूल हुशार असणारच, मग बोलत का नाही, काहीतरी अडले असणार, असा विचार होतो आणि डॉक्टर गाठला जातो. दलित-आदिवासी वस्तीतले मूल वर्गात गप्प बसले, तर त्या गप्प बसण्याचे कारण समाजाकडे आधीच तयार असते. 'यांच्या घरात शिक्षणाचे वातावरण नाही', 'यांची भाषाच अशुद्ध', 'यांना अभ्यासात गती नसते'. कारण तयार असले की शोध घ्यायची गरज उरत नाही. ऐकू न येण्यामुळे झालेले नुकसान जातीच्या खात्यावर मांडले जाते आणि मग तेच 'मेरिट'च्या चर्चेत पुरावा म्हणून परत येते.

यात शाळेच्या खोलीचाही वाटा आहे. आवाज अंतरासोबत कमी होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने खाली येतो. शिक्षक फळ्यापाशी बोलत असतील, तर पहिल्या रांगेतल्या मुलाला मिळणारा आवाज आणि शेवटच्या रांगेतल्या मुलाला मिळणारा आवाज सारखा नसतो. त्यात पंख्याची घरघर, शेजारच्या वर्गातले पाढे, पत्र्यावरचा पाऊस मिळवा. ज्याचे कान ठीक आहेत तो यातूनही शब्द वेचून घेतो. ज्याला थोडे कमी ऐकू येते, त्याच्यापर्यंत वाक्याचे तुकडेच पोचतात. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या वेगळ्या बसण्याकडे आपण अपमान म्हणून बघतो आणि ते बरोबरच आहे. पण शिक्षकापासून दूर बसवणे म्हणजे शिक्षकाचा आवाज कमी मिळणे, हा त्याचा साधा, मोजता येणारा अर्थही आहे. आज गोणपाट नाही, पण मागची रांग आहे.

गौतम धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतण्याची शिक्षा सांगितली आहे. ज्ञान कानावाटे येते आणि कान बंद केला की ज्ञान बंद होते, हे ती शिक्षा लिहिणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. आज कोणी कानात कथील ओतत नाही. पण उपचार न मिळालेला वाहता कान तेच काम सावकाश करतो आणि त्यासाठी कोणाला दोषी धरावे लागत नाही.

आता तंजावरचाच एक धागा घेऊ, कारण तो मराठी वाचकाच्या जवळचा आहे. १६७० च्या दशकात व्यंकोजी भोसल्यांनी तिथे सत्ता स्थापन केली आणि १८५५ मध्ये कंपनी सरकारने ते राज्य खालसा करेपर्यंत तिथे मराठी राजघराणे होते. त्यातले दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार होत. त्या रोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या रोग्याच्या डोळ्याचे चित्र आपल्याला पाहता येते. कानाला मात्र असे लक्ष क्वचितच मिळाले. स्वतंत्र भारतातही हाच क्रम दिसतो. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. बहिरेपणा प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर ३० वर्षांनी, २००६-०७ मध्ये, तोही सुरुवातीला २५ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून आला. गावोगाव मोतीबिंदूची शिबिरे होतात, शाळेत फुकट चष्मे वाटले जातात. कानाचे शिबिर आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? डोळ्यांवरची पट्टी फोटोत दिसते. कमी ऐकू येणे फोटोत दिसत नाही.

या प्रश्नाचा आकारही समजून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये श्रवणावरचा पहिला जागतिक अहवाल काढला. त्यानुसार मुलांमधली सुमारे ६० टक्के श्रवणहानी टाळता येण्यासारख्या कारणांमुळे होते. गंभीर श्रवणदोष असलेली जगातली सुमारे ८० टक्के माणसे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारताच्या २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांवर नोंदली गेली. त्याच जनगणनेत एकूण लोकसंख्येत अपंगत्वाचे प्रमाण २.२१ टक्के होते, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. हा फरक कागदावर लहान दिसतो. पण जिथे अपंगत्व कमी नोंदले जाण्याची शक्यता जास्त, तिथेच ते जास्त नोंदले गेले आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

टाळता येण्यासारखी कारणे कोणती? सर्दी-खोकल्यातून मधल्या कानात होणारा संसर्ग, त्यातून पू होणे, पडद्याला भोक पडणे. एका खोलीत सात-आठ माणसे, चुलीचा धूर, कुपोषण आणि वेळेवर न मिळालेले औषध एकत्र आले की हा आजार मुरतो. त्यावर घरोघरी गरम तेल, लसणाचे तेल घातले जाते आणि दुखणे वाढते. दुसरे कारण गरोदरपणात आईला झालेला रुबेला. त्यावरची लस आहे. गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये तमिळनाडू, कर्नाटक, गोवा अशा राज्यांतून सुरू झाली आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. याशिवाय कमी वजनाचे बाळ, जन्मल्यावर न रडलेले बाळ, तीव्र कावीळ, मेंदूज्वर, कानाला घातक ठरणारी काही इंजेक्शने, ही कारणे आहेत. यातली बहुतेक कारणे गरिबीच्या आणि जातीच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात.

आनुवंशिक बहिरेपणाचीही चर्चा दबक्या आवाजात न करता उघडपणे व्हायला हवी. रक्ताच्या नात्यातल्या लग्नांत काही प्रकारच्या जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो. तमिळनाडूत मामा-भाचीची आणि आते-मामे भावंडांची लग्ने पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. महाराष्ट्रातही मामाच्या मुलीशी लग्न नवे नाही. दवाखान्यात यावरून गरीब आईबापांनाच बोल लावले जातात. पण ही रीत कोणा एका जातीची नाही. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात स्वजातीतच लग्न करण्याचे बंधन हे जातीचे मूळ लक्षण म्हणून सांगितले होते. लग्नाचे वर्तुळ लहान ठेवण्याची शिकवण वरून खाली आली आहे. तिची किंमत सगळ्याच जातींतली मुले मोजतात. फरक एवढाच, की कोणाचे मूल तिसऱ्या महिन्यात तपासले जाते आणि कोणाचे सातव्या वर्षी.

आणि हा फरक फार मोठा आहे. मूल पहिल्या तीन वर्षांत भाषा शिकते. म्हणून जगभर १-३-६ हा नियम मानला जातो. पहिल्या महिन्याच्या आत कानाची प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान, सहाव्या महिन्याच्या आत उपचाराची सुरुवात. चाचणी अवघड नाही. डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये दाखवून दिले, की निरोगी कानाचा आतला भाग आवाज ऐकल्यावर स्वतःही अतिशय बारीक आवाज परत पाठवतो. हा परतीचा आवाज टिपणारे हातात मावणारे यंत्र आता मिळते. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोक ठेवायचे, काही मिनिटांत यंत्र सांगते, ठीक आहे की पुढची तपासणी हवी. दुसरी चाचणी डोक्याला चिकट पट्ट्या लावून, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का, हे बघते. या तत्त्वावरचे 'सोहम' नावाचे नवजात बाळांसाठीचे स्वस्त यंत्र २०१७ मध्ये आपल्याच देशात तयार झाले. शाळेतल्या मुलांना हेडफोन लावून, आवाज आला की हात वर करायला सांगायचे, एवढेच करावे लागते. दक्षिण आफ्रिकेत तर वस्तीतल्या आरोग्यसेविका साध्या स्मार्टफोनवर ही चाचणी घेतात.

कार्यक्रमही कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधून सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत वर्षातून एकदा. जन्मजात बहिरेपणा, श्रवणदोष आणि मधल्या कानाचा संसर्ग हे तिन्ही त्याच्या यादीत आहेत. पथकात डॉक्टर आहेत, परिचारिका आहे, औषधनिर्माता आहे. पण ऐकण्याच्या बाबतीत मुख्य भिस्त तपासणीपत्रकातल्या प्रश्नांवर राहते. एका दिवसात पथकाला बरीच मुले उरकायची असतात. गोंगाट असलेल्या अंगणवाडीत, यंत्राशिवाय, दोन मिनिटांत मूल 'नॉर्मल' ठरते. तपासणी न होण्यापेक्षा अशी तपासणी जास्त घातक, कारण कागदावर शिक्का बसतो आणि पुढे कोणी शंका घेत नाही.

दुसरा अडथळा पुढच्या तपासणीचा. समजा यंत्र आले, मूल 'पुढे पाठवा' यादीत आले. तिरुवैयारुच्या मुलाला तंजावरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जायचे, म्हणजे १३ किलोमीटर. नकाशावर हे अंतर काहीच नाही. भातलावणीच्या दिवसांत चेरीतल्या बाईला मात्र ते एका दिवसाच्या मजुरीइतके लांब पडते. एका खेपेत काम होत नाही. पुढची तारीख मिळते, मूल झोपले नाही म्हणून चाचणी होत नाही, पुन्हा या म्हणतात. तिसऱ्या खेपेला ती जात नाही. मग अहवालात लिहिले जाते, 'पालकांची उदासीनता'. आपल्या नंदुरबार, गडचिरोलीत तर हे अंतर कितीतरी पट आहे.

यावर तमिळनाडूतच उत्तर शोधले गेले. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतल्या संशोधकांनी गावातल्याच आरोग्यसेविकांना यंत्र वापरायला शिकवले. त्या घरोघर जाऊन पाच वर्षांखालच्या मुलांची पहिली चाचणी घेत. ज्यांना पुढची चाचणी हवी, त्यांच्यासाठी शहरात जाण्याऐवजी गावात गाडी आणली गेली. बाळ गाडीत, तज्ज्ञ शहरात, आणि मध्ये इंटरनेट. गावातल्या बाईला हे काम जमत नाही, हा समज या प्रयोगाने खोडून काढला. तिला यंत्र, प्रशिक्षण आणि मोबदला मिळाला की जमते.

पण गावातली बाई म्हणजे कोणत्या गावातली, हाही प्रश्न आहे. आंद्रे बेतेई यांचे १९६५ चे 'कास्ट, क्लास अँड पॉवर' हे पुस्तक समाजशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने वाचलेले असते. ते याच तंजावर भागातल्या एका गावावर आहे. पुस्तकात त्याचे नाव 'श्रीपुरम' असे बदलून दिले आहे. बेतेई तिथे अग्रहारात राहिले आणि त्यामुळे चेरीत मोकळेपणाने जाता आले नाही, हे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. संशोधक कुठे उतरतो यावर त्याला काय ऐकू येते हे ठरते. आरोग्य पथकाचेही तसेच आहे. गाडी ऊरमध्ये, देवळापाशी किंवा पंचायतीपाशी थांबली, तर चेरीतली बाई तिथे मुलाला घेऊन येईलच असे नाही. सेविका चेरीत पाऊल ठेवायला कचरत असेल, तर आकडे पूर्ण होतील आणि मुले राहून जातील. म्हणून यंत्रासोबत हेही मागितले पाहिजे, की वस्तीतल्या कामासाठी वस्तीतल्याच बाया नेमा. आणि त्यांना सन्मानाने पगार द्या. आपल्या आशाताईंसारखे तुटपुंजे मानधन देऊन नवे काम त्यांच्या डोक्यावर टाकू नका.

तिसरी अडचण कायद्यातली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त हानी असेल तर व्यक्ती बधिर, ६० ते ७० डेसिबल असेल तर कमी ऐकू येणारी. साधे बोलणे साधारण ६० डेसिबलच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटना चांगल्या कानात ३५ डेसिबलहून जास्त हानी असेल तर ती अडथळा आणणारी मानते. म्हणजे ४५ डेसिबल हानी असलेले मूल वर्गातले अर्धेअधिक बोलणे गमावते, पण कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. त्याला प्रमाणपत्र नाही, शिष्यवृत्ती नाही, आरक्षण नाही. ज्या घरात मोठ्याने समजावून सांगणारे, शिकवणी लावणारे, खासगी श्रवणयंत्र घेणारे कोणी आहे, तिथे हे मूल तरून जाते. आपल्या घरात ते 'ढ' ठरते. चाचणीचा सगळ्यात मोठा फायदा याच मुलांना होऊ शकतो. कधी नुसते कानाचे औषध, कधी पडद्याची शस्त्रक्रिया, कधी पहिल्या रांगेतली जागा एवढ्यानेही त्यांचे शिक्षण वाचते.

जी मुले पूर्ण बहिरी आहेत, त्यांच्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. लहान मुलांच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी केंद्राची ॲडिप योजना मदत करते आणि मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तिचे काम बघते. तमिळनाडूतही सरकारी विमा योजनेतून ही शस्त्रक्रिया होते. पण शस्त्रक्रियेचा फोटो वर्तमानपत्रात आला की काम संपत नाही. पुढची दोन-तीन वर्षे वाचा-उपचार, यंत्राच्या बॅटऱ्या, दुरुस्ती, हे सगळे लागते आणि इथेच मजुरीवर जगणारे घर थकते. शिवाय प्रत्येक बहिऱ्या मुलाला 'दुरुस्त' करायचे, हा हट्टही बरा नव्हे. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिच्यासाठी २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. यंत्र मिळो वा न मिळो, मुलाला पहिल्या वर्षापासून कोणती तरी भाषा मिळाली पाहिजे. भाषेशिवाय वाढलेले मूल आपले दुःखही सांगू शकत नाही. आपल्या चळवळीने बोलण्याच्या हक्कासाठी एवढे सोसले आहे. हाताने बोलणाऱ्यांचा हक्क तिच्या बाहेर राहू नये.

मग मागायचे काय? प्रत्येक बाळंतपणाच्या सरकारी केंद्रात, घरी सोडण्याआधी बाळाच्या कानाची यंत्राने चाचणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार तमिळनाडूत ९९ टक्क्यांहून जास्त आणि महाराष्ट्रात ९० टक्क्यांहून जास्त बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे बाळ आपल्या पायाने, म्हणजे आईच्या पायाने, यंत्रणेपर्यंत आलेलेच असते. त्याला तपासल्याशिवाय परत पाठवायचे कारण काय? त्यानंतर, तपासणी पथकाच्या प्रत्येक गाडीत श्रवणचाचणीचे यंत्र आणि शाळाप्रवेशाच्या वर्षी प्रत्येक मुलाची चाचणी. दुसरी चाचणी वस्तीजवळ किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. दूर जावेच लागले तर गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी. आणि तपासलेल्या, पुढे पाठवलेल्या, प्रत्यक्ष उपचार मिळालेल्या मुलांचे आकडे वस्तीवार आणि जातवार जाहीर झाले पाहिजेत. किती मुले तपासली, एवढाच आकडा छापून सरकारला शाबासकी घेता येऊ नये.

सरकार हे करेपर्यंत आपण बसून राहायचे कारण नाही. घरातला पहिला पदवीधर हा बहुतेकदा सगळ्या वस्तीचा अर्ज भरणारा, कागद वाचणारा, दवाखान्यात सोबत जाणारा माणूस असतो. त्या कामात हेही धरू या. नवजात बाळ मोठ्या आवाजाला दचकत नसेल, सहा महिन्यांचे मूल आवाजाकडे मान वळवत नसेल, वर्षाचे झाले तरी 'मामा', 'बाबा' अशी अक्षरे जुळवत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर 'आमच्याकडे उशिराच बोलतात' असे म्हणून वाट बघू नका. शाळेतले मूल वारंवार 'काय?' विचारत असेल, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, त्याचा कान वाहत असेल, तर कानात काही घालू नका, त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. अंगणवाडीत पथक येईल त्या दिवशी तिथे हजर राहा आणि विचारा, ऐकण्याची चाचणी कशाने केली? मुलाच्या कार्डावर काय लिहिले ते वाचून आईला सांगा. पुढे पाठवले असेल तर पहिल्या खेपेला तिच्यासोबत जा, कारण खिडकीवरचा माणूस तिच्याशी जसे बोलतो तसे तुमच्याशी बोलत नाही.

आणि आपल्यातले जे शिक्षक झाले आहेत, त्यांना एक खास विनंती. कोणत्याही मुलाला 'ढ' म्हणण्याआधी त्याच्या मागे उभे राहून, त्याला आपले तोंड दिसणार नाही असे, हळू आवाजात त्याचे नाव उच्चारून पाहा. ही काही वैद्यकीय चाचणी नव्हे. पण त्याने मागे वळून पाहिले नाही, तर त्याचा कान तपासायला पाठवा आणि तोवर त्याला पहिल्या रांगेत बसवा.

जय भीम.